फिकट फुलांची लाखोली

नवस बोलणारा देवाला विचारतो, पंचांगाला विचारतो, फार तर गुरुजींना विचारतो. ज्याच्या नावाने नवस बोलायचा त्या माणसाला मात्र कुणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, आई, माझ्यासाठी काही बोलू नका, मी आणि डॉक्टर बघून घेऊ. पण मी जपानात कोबेला, सासूबाई पुण्यात, आणि एकदा बोललेला नवस काही फोन करून रद्द होत नाही.

झालं असं की त्या वर्षी जानेवारीत माझ्या छातीत गाठ सापडली. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टला दहा दिवस लागतील म्हणाले. त्या दहा दिवसांत मी कपाटं आवरली, लेकीच्या शाळेचे सगळे कागद एका फायलीत लावले, नवऱ्याला वॉशिंग मशीनची बटणं शिकवली. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी आईला फोन लावला आणि रडला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, ओसाकाच्या ऑफिसात सगळे त्याच्या नावापुढे आदराने सान लावतात, तो हुंदके देऊन रडला. सासूबाईंनी तिथल्या तिथे महादेवाला सांगून टाकलं की सून यातून सुटू दे, पांढऱ्या फुलांची लाखोली वाहीन. म्हणजे एक लाख फुलं, मोजून.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ आहे, ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी कामाला लागले. नवसाचं मला कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे विसरायचाही प्रश्न नव्हता.

आता झाडाचं सांगते, कारण सगळं त्या झाडाशीच येऊन ठेपतं.

आमची बिल्डिंग डोंगराच्या उतारावर आहे. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की गॅलरीतून समुद्र दिसतो. दिसतो, पण मान वाकडी करून. मान सरळ ठेवली तर दिसतं ते शेजारचं जुनं बैठं घर आणि त्याच्या कुंपणाच्या कोपऱ्यातलं एक झुडूप, अर्धं आत, अर्धं गल्लीत झुकलेलं. बॉटलब्रश आपल्याकडेही असतो. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गेटशी होता, लालभडक, बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलं. हे झुडूप त्याच जातकुळीतलं, पण फुलं फिकट. पिवळी म्हणावीत तर पिवळी नव्हेत, पांढरी म्हणावीत तर पांढरी नव्हेत. ताकात चिमूटभर हळद पडावी तसा काहीतरी रंग. आणि खोडाची साल तर अशी की नुसतं बोट लावलं तरी कागदासारखा पापुद्रा हातात यावा.

त्या घरात शेजारीणबाई एकट्या राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान लोकरीच्या व्यापारात होते, कंपनीने त्यांना कितीतरी वर्षं ऑस्ट्रेलियात ठेवलं होतं. परत येताना तिथल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या हातावर बियांची पुडी ठेवली. हे झुडूप त्याच्या स्वतःच्या मुलखातही आता मोजक्याच ओढ्यांच्या काठी उरलंय म्हणे. पुडीतली एकच बी रुजली, तीच ही. यजमानांनी तिला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि मी हे ऐकलं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

माझं जपानी कामापुरतं. सकाळी कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्ट-टाइम करते, तिथे डबा गरम करू का, पिशवी हवी का, एवढ्यावर भागतं. माझी लेक मात्र नऊ वर्षांची आणि फडाफडा जपानी बोलणारी. मी मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत. ती दर बुधवारी शाळेतून शेजारीणबाईंकडे जायची, अक्षरं घोटायला. बाई तिला झाडाखाली गळून पडलेले सालीचे पापुद्रे वेचून द्यायच्या आणि ती त्यांच्यावर ब्रशाने कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, लिहायची. झाडावरचा पापुद्रा ओढायचा नाही, पडलेलाच घ्यायचा, हा तिथला नियम होता.

हिवाळ्यात आणखी एक गंमत असायची. शेजारीणबाई संत्री मधोमध कापून झाडाच्या फांद्यांना खोचून ठेवायच्या आणि हियोदोरी नावाचे राखाडी पक्षी, आपल्या बुलबुलाचे भाऊबंद, आरडाओरडा करत ती खायला यायचे. आम्ही गॅलरीतून बघायचो. यजमानांची सवय होती म्हणे ती, बाईंनी पुढे चालवली.

मार्चमध्ये शेजारीणबाईंनी मला घरात बोलावलं, चहा दिला आणि हळूहळू, मला कळेल अशा बेताने, सगळं सांगितलं. जागा विकली होती. पुढच्या मार्चमध्ये घर पाडणार होते आणि त्या वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होत्या. झाड मुळासकट हलवलं तर या वयात जगणार नाही, असं माळी म्हणाला होता. फांद्या लावून पाहिल्या होत्या, तीनदा, तिन्ही वेळा कुजल्या. उरली फक्त बी. पण बी या झाडाला कधी धरलीच नव्हती, कारण फुलं कोमेजली की यजमान लगेच कात्री घेऊन शेंडे छाटायचे. तसं केलं की पुढच्या वर्षी भरगच्च फुलतं. न छाटता ठेवलं तर फुलांच्या जागी लाकडासारखी टणक बोंडं धरतात आणि त्यांत बी पिकायला सात-आठ महिने जातात.

"येत्या मेमधला बहर शेवटचा," त्या म्हणाल्या. "तो मी छाटणार नाही. तिथे खोलीच्या गॅलरीत एक कुंडी ठेवायला परवानगी आहे. एकच. मला ती या झाडाची हवी."

एप्रिलअखेर त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या. ऑपरेशन आणि मग तिथेच चालायचा सराव, मिळून सहा आठवडे. जायच्या आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, पाणी घालायला नको, फक्त नजर ठेवा. गल्लीच्या सफाईच्या दिवशी लोक बाहेर आलेल्या फांद्या छाटून टाकतात, तेवढं बघा. फुलं तशीच राहू द्या. मी म्हटलं, अगदी निर्धास्त जा. लेकीने हौसेने पाटी केली, जपानीत, सुबक अक्षरात, कडेला एक फूल काढून. कृपया फुले व फांद्या तोडू नयेत. आम्ही ती पाटी प्लास्टिकमध्ये घालून झाडाला बांधली.

जपानीत. हे मी आता हजारदा स्वतःला ऐकवलंय.

मेच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई आल्या, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आता सासूबाईंविषयी. वाईट बाई नाही, हे आधी सांगून टाकते. माझ्या बाळंतपणात त्यांनी केलं तेवढं माझ्या आईनेही केलं नसतं. पण पुण्यात त्यांचा पहाटेचा फिरायचा एक नेम आहे. हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी, आणि वाटेत ज्याच्या ज्याच्या कंपाउंडवरून जास्वंद, तगर, पारिजातक बाहेर डोकावतो, त्याचं फूल पिशवीत. झाड कुणाचं, लावलं कुणी, पाणी कोण घालतं, काही विचारायचं नाही. कंपाउंडबाहेर आलेलं फूल देवाचं, हा त्यांचा कायदा. कुणी खिडकीतून ओरडलं तर म्हणायचं, घरी नाही नेत हो, देवालाच नेतेय. पुण्यातल्या निम्म्या आज्यांचा हाच कायदा आहे आणि आपण सगळे त्यावर हसतो. मीसुद्धा हसायचे.

मी सकाळी सहाला कोम्बिनीत जायची आणि अकराला परत यायची. त्या वेळात घरात काय चालतं ते मला कळायचं नाही. खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं. सासूबाई कंटाळत नाहीत, कुरकुरत नाहीत, यातच मला समाधान होतं.

मेच्या मध्यावर झाड फुलायला लागलं. एका सकाळी मी परत आले तर सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर स्टीलचं ताट, आणि ताटात फिकट पिवळसर धाग्यांचा ढीग. त्या एकेक धागा चिमटीत धरून बाजूला सारत होत्या आणि ओठ हलत होते. शेजारच्या वर्तमानपत्रावर उघडेबोडके दांडे पडले होते, पंधरावीस. मी चपला न काढता तशीच उभी राहिले.

"आई, हे कुठून आणलंत?"

"थांब गं, चुकेल." त्यांनी बोट वर केलं, आणखी काही धागे सारले, शंभर पुरे झाल्यावर एक तांदळाचा दाणा वाटीत टाकला आणि मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा फुललेला की विचारू नका. "कुठून म्हणजे? ते बघ ना, कोपऱ्यावरचं. रस्त्यातच आलंय. इथे फुलं काय महाग गं बाई, एकेक काडी विकतात मेले. मी म्हटलं, आता लाखोली पुरी व्हायची कशी? आणि महादेवानेच दाखवलं बघ. एकेका तुऱ्यात हजार-बाराशे निघतात. मोजलेत मी."

"कसली लाखोली?"

तेव्हा मला नवस कळला. जानेवारीतला. त्यांनी तो सांगितला तो ताटावरची नजर न काढता, पदराने डोळे टिपत. "पंचवीस हजार झाली. तुझ्यासाठीच गं सगळं. मला काय मागायचंय आता."

मी म्हटलं, आई, हे धागे म्हणजे फुलं नव्हेत, फुलातले केसर आहेत. त्या म्हणाल्या, गुलाबाची पाकळीसुद्धा चालते, तू नको मला शिकवू, महादेवाला चालतं की नाही ते मी बघते. मग म्हणाल्या, आणि आपल्या चिमुरडीची पाटी किती गोड आहे गं त्या झाडावर, फुलाचं चित्र काढलंय, मी रोज हात लावते तिला.

त्या क्षणी बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. आई, ते झाड एका म्हाताऱ्या बाईंचं आहे, त्यांना बी हवी आहे, हात लावू नका. सासूबाई काही राक्षस नाहीत. रागावल्या असत्या, दोन दिवस तोंड फिरवून बसल्या असत्या, मग तांदळाची लाखोली वाहिली असती. झाडावर तेव्हा अजून निम्म्याहून जास्त तुरे होते.

मी बोलले नाही. संध्याकाळी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. "तुझी आई आहे, तू सांग." तो सोफ्यावर बसला, मोजे काढले, पुन्हा घातले. "अगं, पण पंचवीस हजार झालीत ना? अर्धवट सोडायला लावायचं?" मी म्हटलं, तुझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर? तर म्हणाला, "नाही. पण तुझ्या बाबतीत मला रिस्क घ्यायची नाही." आणि टीव्ही लावला. बघा, किती सोपं असतं. माझ्या जिवाची काळजीही झाली आणि हातही झटकून झाले.

पण त्याच्यावर कशाला ढकलू? दुसऱ्या दिवशी कोम्बिनीत ओनिगिरी, ते भाताचे गोळे, मांडताना मी स्वतःलाच विचारलं. मी एमएस्सी झालेली बाई. गाठ जानेवारीतच साधी निघालेली. तरी डोक्यात एकच घुमत होतं, की ऑगस्टची तपासणी बाकी आहे. आणि नवस अर्धा राहिला तर. हे 'तर' काही केल्या जाईना. मला भीती वाटली, एवढंच खरं. सासूबाईंचा मान, घरातली शांतता, म्हाताऱ्या माणसाचं मन, ही सगळी नंतर सुचलेली कारणं. मला जगायचं होतं आणि त्या बदल्यात दुसऱ्या बाईंची कुंडी जात असेल तर जाऊ दे, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. इतक्या उघड शब्दांत नाही, पण ठरवलंच.

एकदा लेकीने जपानीत विचारलं, "आजीला पाटी वाचता येत नाही का?" मी तिला म्हटलं, आजीला काही बोलायचं नाही, ती देवाचं करतेय. लेक माझ्याकडे बघत राहिली. मग दप्तर उचलून आत गेली.

त्यानंतर रोज सकाळी झाड थोडं थोडं उघडं पडत गेलं. मी कामावर जाताना दुसऱ्या गल्लीने जायला लागले. जूनच्या पहिल्या सोमवारी, बरोबर महादेवाचा वार गाठून, लाख पुरे झाले. सासूबाईंनी खीर केली. तळहातावरच्या सुपारीएवढ्या पिंडीवर शेवटची ओंजळ वाहिली आणि मला म्हणाल्या, नमस्कार कर. मी केला. अगदी मनापासून केला, हे लिहिताना आज लाज वाटते.

आता प्रश्न निर्माल्याचा. ते म्हणे वाहत्या पाण्यात सोडायचं. इथे समुद्रात पान टाकलं तरी कुणीतरी हटकेल. नवरा आईला म्हणाला, मी बंदरावर जाऊन सोडून येतो. आणि मला म्हणाला, मंगळवारच्या कचऱ्यात घाल. जळाऊ कचऱ्याची पिशवी इथे पारदर्शक लागते, आत काय आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतं. म्हणून मी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं. गुंडाळण्याआधी एकेक दांडा उलटसुलट करून पाहिला, कुठे चुकून एखादं बोंड धरलंय का. कसलं काय. ताजी तोडलेली फुलं ती, त्यात बी कुठली असणार. वेड्यासारखी अर्धा तास ते दांडे चाचपत होते.

शेजारीणबाई त्याच आठवड्यात परत आल्या. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली, त्या चाकांच्या वॉकरच्या आधाराने एकेक पाऊल टाकत आल्या. मी कामावरून येत होते, वाटच उरली नाही. त्या झाडापाशी थांबल्या. झाडावर हिरवी पानं होती, लेकीची पाटी होती, आणि अगदी वरच्या टोकांना, जिथे सासूबाईंचा हात पोचला नव्हता, तिथेही काही नव्हतं, कारण पडदे सारायची काठी पोचली होती.

त्या नुसत्या बघत होत्या, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर, शांतपणे, कुणाला तरी शोधल्यासारख्या. मला ते सहन होईना. मीच बोलले.

"हियोदोरी," मी म्हणाले. "हियोदोरी आले होते. खूप. सगळी फुलं खाल्ली. मी हाकललं, पण..."

तसं अगदीच अशक्य नव्हतं. ते पक्षी फुलातला मध प्यायला येतात, तुरे कुरतडतात. म्हणून तर तोंडात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मान हलवून म्हणाल्या, "असं का. खट्याळ असतात ते." आणि, कर्म माझं, पुन्हा कमरेत वाकून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास दिला. माफ करा." ऑपरेशन झालेल्या पायावर, वॉकरची दांडी धरून त्या माझी माफी मागत होत्या. मीही वाकले. एकाच आठवड्यात मी दोन म्हाताऱ्यांना फसवलं, एकीला नवऱ्याच्या तोंडून समुद्र सांगून, दुसरीला पक्षी सांगून.

लेकीचे बुधवार पुन्हा सुरू झाले. तिला बजावायचं मला सुचलंच नाही. का सुचलं नाही कोण जाणे. लहान मुलंही गोष्ट आपल्यासारखीच पोटात ठेवतील असं आपण गृहीत धरतो. ती तिथून यायची, अक्षरांचे पापुद्रे टेबलावर वाळत ठेवायची, आणि माझ्याकडे न बघता आत जायची. वयच तसं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

जुलैअखेर सासूबाई गेल्या. ऑगस्टची तपासणी झाली, सगळं स्वच्छ निघालं. व्हिडिओवर सासूबाईंनी हात जोडले. "पावली बघ लाखोली." मी म्हटलं, आई, जानेवारीतच स्वच्छ होतं हो. म्हणजे, म्हणायचं होतं. म्हटलं नाही. हो आई, म्हटलं. मग फोन ठेवून भांडी घासायला घेतली आणि इतकी आदळली की एका वाडग्याचा टवका उडाला. कुणाचा राग येत होता? सगळ्यांचा. त्या नवसाचा, नवऱ्याच्या मोज्यांचा, सासूबाईंच्या त्या फुललेल्या चेहऱ्याचा. आणि सगळ्यात जास्त माझा, की रिपोर्ट ऐकल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं, तर बरं झालं थांबवलं नाही ते.

हिवाळा आला. हियोदोरी आले, त्या झाडावर बसले, किंचाळले. फांद्यांना संत्री नव्हती. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. शेजारीणबाई आता काठी टेकत अंगणात यायच्या, पानं झाडायच्या, पक्षी त्यांच्या डोक्यावर ओरडायचे, आणि त्या वर बघायच्याही नाहीत. मला वाटायचं, केवढा राग धरलाय त्यांनी. पक्ष्यांवर. माझ्या एका थापेपायी. मनात यायचं की आपल्या गॅलरीत दोन संत्री कापून ठेवावीत. फळवाल्याकडून जाळीभर आणलीही होती. पण गॅलरी त्यांच्या अंगणासमोर. ज्यांच्यावर आळ घेतला त्यांनाच खायला घालतेय, हे त्यांना दिसलं असतं. ती संत्री आम्हीच खाल्ली. एकदा एक पक्षी गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसला आणि आत बघत राहिला. मी पडदा ओढून घेतला.

मार्चमध्ये घर पाडायच्या आठवडाभर आधी शेजारीणबाई आमच्या दारात आल्या. इथे रीत आहे, पाडापाडीचा आवाज होणार, धूळ होणार, म्हणून आधी आजूबाजूला मिठाईचा पुडा देऊन माफी मागायची. त्यांनी पुडा दिला. मी आत बोलावलं, त्या आल्या नाहीत, बुटांच्या जागेतच काठी टेकून उभ्या राहिल्या. निवासात खोली चांगली आहे म्हणाल्या, दक्षिणेची, ऊन येतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कुंडीत काय लावणार?" विचारायला नको होतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "माती भरून ठेवली होती. काल ओतून टाकली."

मला खाली बघवेना, वर बघवेना. त्या जायला वळल्या, आणि मग थांबून, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुमची ऑगस्टची तपासणी चांगली आली ना?"

मी त्यांना तपासणीचं कधीच सांगितलं नव्हतं.

"तुमच्या मुलीने सांगितलं," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये. मी आले त्याच आठवड्यात. आजी आईसाठी फुलं मोजते, आईला बरं वाटावं म्हणून, असं म्हणाली. रडत होती. तिला वाटलं मी रागावेन."

जून. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, आणि मी नऊ महिने रस्ता बदलून चालत होते. मी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही हियोदोरी म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. आवाजात ना राग होता, ना माया. "मी संत्री ठेवली असती तर मला माहीत आहे हे तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला तोंड दाखवायला जड गेलं असतं. शेजारी राहायचं होतं आपल्याला."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, दाराच्या कडेला धरून पायरी उतरल्या. उतरल्यावर मागे वळल्या.

"पक्ष्यांना मात्र उगाच उपाशी ठेवलं," त्या म्हणाल्या, "आपण दोघींनी."

मी "हो" म्हटलं.